कापसाच्या खोलीतली जत्रा

आठवणी लिहायला माणसाचे केस पिकलेले असावे लागतात, असं मला बऱ्याच जणांनी सांगून पाहिलं. माझे पिकलेले नाहीत. पण ज्या हिवाळ्याबद्दल मला लिहायचं आहे, त्या हिवाळ्यातली मी आणि आजची मी यांच्या मध्ये इतकी निवेदनं, इतकी पत्रकं आणि इतके 'पाहतो, पाहतो' म्हणणारे साहेब येऊन गेले आहेत, की ती अकरावीतली पोट्टी मला आता दुसऱ्याच कुणाची वाटते. अंध वाचकांसाठी पुस्तकं मागणाऱ्या आमच्या गटाच्या पत्रकाची पहिली ओळ असते: अंध वाचकाला पुस्तक पूर्ण द्या. 'पूर्ण' या शब्दाखाली रेघ असते. प्रकाशक विचारतात, कधी कधी आमचेच कार्यकर्ते विचारतात, की ही रेघ कशाला, पुस्तक म्हटल्यावर ते पूर्णच असणार. त्याचं उत्तर पत्रकात मावत नाही म्हणून इथे लिहिते. ती रेघ मी कुणा प्रकाशकाच्या विरुद्ध मारलेली नाही. ती मी माझ्याच विरुद्ध मारलेली आहे.

आमचं घर इंझोरीत. एकामागे एक तीन खोल्या, पुढे ओटा, वर टिनं. मधल्या खोलीला खिडकी नाही. दिवाळी झाली की पऱ्हाटीचा कापूस वेचायला सुरुवात व्हायची आणि रोज संध्याकाळी गाठोडी येऊन त्या मधल्या खोलीत रिकामी व्हायची. आधी एक कोपरा पांढरा व्हायचा, मग एक भिंत, मग कॅलेंडर अर्ध्यापर्यंत बुडायचं, आणि संक्रांतीच्या सुमारास आम्ही सगळे भिंतीला खांदा घासत, आडवे होऊन स्वयंपाकघरात जायचो. बाबांच्या मनासारखा भाव येईपर्यंत कापूस घरातच राहायचा, लांबलेल्या पाहुण्यासारखा. त्याच्यामुळे अंगाला खाज सुटायची. आई रोज पाण्यात निंबाचा पाला टाकून आंघोळीला द्यायची आणि रोज म्हणायची की पुढच्या वर्षी घरात बोंडही येऊ देणार नाही. पण त्या खोलीचा एक गुण होता. तिथे आवाज मरायचा. बाहेर गिरणीचा पट्टा, कारंज्याकडे जाणाऱ्या एसटीचा हॉर्न, टिनावर वानरांची धावपळ, हे सगळं चालू असायचं, आणि त्या खोलीत पाऊल टाकलं की कानांत बोळे घातल्यासारखं व्हायचं. वनूआत्या म्हणायची, "कापूस आला का घर हळू बोलते. कापूस गेला का बोंबलते."

वनूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचे डोळे एका दिवसात गेले नाहीत. आधी तिन्हीसांजेला ती अडखळू लागली, मग दिवसाही कडेचं दिसेनासं झालं, मग पाइपातून पाहावं तेवढंच उरलं, आणि सातवीच्या वर्षात तेही गेलं. तीन वर्षं ती अमरावतीला अंधांच्या शाळेत राहून आली, ब्रेल शिकली, आणि आजी आजारी पडली तशी घरी आली ती आलीच. तिच्याबद्दल लिहिताना लोक लगेच 'सोशिक' वगैरे लिहितात. कुणी तसं तिच्या तोंडावर म्हटलं असतं तर तिनं सूप फेकून मारलं असतं. सुपात तूर घेऊन ओट्यावर बसली की खडा बोटाला लागताच ती तो अंगणात भिरकवायची, तिथे कोण उभं आहे याची चौकशी न करता. तिच्या भाकरी कधी कधी करपायच्या. वासावरून तिला ते आधी कळायचं आणि ती आधीच जाहीर करायची, "आज करपल्या. मुकाट्यानं खा." सोल्याची भाजी मात्र तिच्यासारखी आईलाही जमायची नाही. हिरव्या तुरीचे ते सोले, त्यात वांगं, वरून तेलाचा तवंग. आम्ही त्या भाजीसाठी करपलेल्या भाकरी मुकाट्यानं खायचो.

शाळेत ब्रेलची पुस्तकं होती, पण अभ्यासाची, आरोग्याची आणि थोर माणसांची. गोष्टीचं मागितलं की उत्तर यायचं, आधी उपयोगाचं वाच. हा 'उपयोगाचं' शब्द मी पुढे शेकडो तोंडांतून ऐकला आहे. दिसणाऱ्या माणसाने दुपारभर लोळत भिकार कादंबरी वाचली तर त्याला कुणी उपयोग विचारत नाही. अंध माणसाने कादंबरी मागितली की सगळ्या जगाला त्याच्या भवितव्याची काळजी लागते.

आणि आत्याला नेमकी कादंबरीच हवी होती. एकच. डोळे जात होते त्या वर्षी गावच्या शाळेच्या कपाटातून तिला ती मिळाली होती. नाक पानाला टेकवून, एका वेळी एक शब्द, अशी तिने ती निम्म्यापर्यंत वाचली होती. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. आत्याचं त्या पुस्तकाच्या शेवटाबद्दलचं मत पुढे यायचं आहे, आणि लेखकाच्या घरच्यांशी मला भांडायचं नाही. भांडायला मला दुसरी माणसं पुष्कळ आहेत. कादंबरीत सगुणा नावाची मुलगी आहे, तिचा घर सोडून गेलेला भाऊ आहे, आणि त्याला शोधायला म्हणून सगळं घर बैलगाडीत बसून जत्रेला निघतं. गाडी नदी उतरते. तिथे आत्याचं दिसणं संपलं. पुस्तक शाळेत परत गेलं, पुढे शाळेचं कपाटही गेलं, आणि ती गाडी माझ्या जन्माच्या आधीपासून नदी उतरून तशीच उभी राहिली.

मला लहानपणी ज्या गोष्टी मिळाल्या त्या सगळ्या त्या जत्रेच्या. आत्या रोज नवी जत्रा सांगायची. एका दिवशी जत्रेत हत्ती सुटायचा, एका दिवशी सगुणेचा भाऊ पाळणेवाला निघायचा, एकदा तर सगळी जत्राच पुरात वाहून गेली आणि मी रडले म्हणून दुसऱ्या दिवशी परत आली. मी विचारायची, "आत्या, पण खरं काय झालं जत्रेत?" ती म्हणायची, "मले काय माहीत बाप्पा. मी अजून गाडीतच हाय."

अकरावीला मी कारंज्याला जाऊ लागले, एसटीने. पहिल्याच महिन्यात तिथल्या एका जुन्या वाचनालयात ती कादंबरी मिळाली. बांधणी सुटलेली, पानं चहाच्या रंगाची. टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, "कुणासाठी नेते?" मी म्हटलं, आत्यासाठी, तिला दिसत नाही. त्यांनी चष्मा वर केला. "मग ती काय करेल पुस्तकाचं?" ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच प्रश्न पडला होता, आणि हेच मला आज जास्त भयंकर वाटतं. तेव्हा मी फक्त म्हटलं, "मी वाचून दाखवीन."

पण समोर बसून वाचणं जमेना. मी घरी यायची तेव्हा ती कामात, ती मोकळी तेव्हा मी कॉलेजात. म्हणून ठरलं की मी फोनमध्ये वाचायचं, ते मेमरी कार्डात भरायचं, आणि कार्ड तिच्या बटणांच्या फोनमध्ये टाकायचं. ओट्यावर वाचलं तर गिरणी, अंगणात वाचलं तर कोंबड्या. शेवटी, दिवाळीनंतर घरात कापूस आला तेव्हा, मी मधल्या खोलीत जाऊन कापसाच्या ढिगात कंबरेपर्यंत बसले आणि वाचलं. आत्याने ऐकलं आणि म्हणाली, "आता कसं कानाजवळ बसल्यासारखी वाचून राह्यली." तिला पुस्तक पहिल्या पानापासून हवं होतं, वाचलेलंही, एकही शब्द न सोडता. कुणी मध्ये हाक मारली तर ती हाकही तशीच राहू दे म्हणायची. त्यामुळे त्या फाइलींमध्ये आई 'दूध उतू गेलं' म्हणते, बाबा दारात उभे राहून "पोट्टी कापसावर बसली, खाजवत बसन रातभर" म्हणतात, आणि वानरं एक अख्खं प्रकरण तुडवत जातात. तूर निवडताना, भांडी घासताना आत्या ते ऐकायची. मी रोज संध्याकाळी तांबडे फोड आलेले पाय घेऊन बाहेर यायची. असं सुख मला नंतर कुठल्याच कामात मिळालं नाही.

मग एका रविवारी दुपारी गाडी नदी उतरून जत्रेत पोचली. मी आधी न वाचता सरळ वाचत असे, कारण मलाही जत्रा पाहायची होती. गाडीत सगुणेची एक आत्या आहे, रंगू नावाची. तीही आंधळी. आमच्या आत्याने ती लहानपणी वाचलेली होती, पण गाडीच्या कोपऱ्यात बसलेली एक बाई एवढीच. जत्रेत बैल सोडतात, पाल ठोकतात, सगुणा बांगड्या पाहते. मग सगुणेचा बाप, म्हणजे रंगूचा सख्खा भाऊ, तिला बांगडीवाल्याच्या पालाशेजारी बसवतो, हातात शेवेचा पुडा देतो आणि म्हणतो, बैलांना पाणी दाखवून येतो. आणि गाडी जुंपून निघून जातो. रंगू तो पुडा न फोडता धरून बसते. जाणाऱ्या गाड्या ऐकते. त्यात तिच्या घरच्या बैलाची घंटा तिला ओळखू येते. ती लांब जाते. रंगू हाक मारत नाही.

मी ते प्रकरण शेवटपर्यंत वाचलं, फोन बंद केला, आणि कापसात बसून राहिले. माझ्या डोळ्यांपुढे रंगू नव्हतीच. भावाच्या घरी राहणारी आंधळी बहीण आमच्या ओट्यावर तूर निवडत बसली होती. ती रोज विचारायची, "पोचली का गाडी?" मी म्हणायची, उद्या पोचते. असे दोन दिवस गेले. मंगळवारी टेंपो आला, बाबा आणि दोन गडी दिवसभर कापूस भरत राहिले, आणि संध्याकाळी कॅलेंडर पायापर्यंत दिसू लागलं. बुधवारी मी रिकाम्या खोलीत उभी राहून स्वतःच्या मनाने दोन मिनिटांचं एक पान तयार केलं. त्यात रंगूला जत्रेत ताप येतो, भाऊ तिला गाडीत घालून घरी आणतो, ती त्याच्या हातून पाणी पिते आणि मरते. ते मी फोनमध्ये वाचलं, जत्रेच्या फाइलीतला खरा तुकडा कापला आणि त्या जागी हा जोडला. फोनवर हे करायला पाच मिनिटं लागतात. मला अगदी पुण्य केल्यासारखं वाटलं. ही गोष्ट कबूल करायला मला लाज वाटते, म्हणूनच ती लिहिली पाहिजे.

आत्याने जत्रा ऐकली. एकदा ऐकली, परत लावली. मी आतून भांडी लावत कान देऊन होते. मग तिने हाक मारली.

"कापूस कवा गेला आपला?"

"मंगळवारी."

"अन् हे जत्रेचं कवा वाचलं तू?"

"रविवारी."

"मंग रंगू मरते तवा खोली रिकामी काहून हाय?"

मी म्हटलं, फोन लांब राहिला असेल.

"लांब नाही," ती म्हणाली. "बैलं सोडली, पाल ठोकलं, पोरीनं बांगड्या पाह्यल्या, सगळं तू कापसात बसून वाचलं. रंगूले ताप आला का तुहा आवाज भिंतीले लागून परत येते. ती मेली का पुन्हा कापूस. दोन मिनिटांसाठी दादानं टेंपो परत आणलता का?"

ती सूप बाजूला ठेवून उठली, भिंतीला हात लावत मधल्या खोलीच्या दारात आली आणि एक टिचकी वाजवली. ती रिकामी खोली खणखणीत बोलली.

"काय गाळलं?"

"त्यात काही नव्हतं, आत्या."

"काही नव्हतं तं गाळलं कायले?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटू दे ना मंग. वाईट वाटाले बी पुस्तक लागते, पोरी. ते काय तुमालेच वाटाव का?" मग म्हणाली, "आता मले हे सांग, याच्या अगोदर जेवढं वाचलं त्यात काय काय गाळलं?"

"काहीच नाही. शपथ."

"अन् मी कसं समजू?"

डोळे असणाऱ्याला शंका आली की तो पान उलटून पाहतो. तिच्याकडे पानाच्या जागी फक्त माझा शब्द होता, आणि तो मी नासवला होता. एका दोन मिनिटांच्या तुकड्याने मागच्या तीन महिन्यांच्या सगळ्या फाइली खोट्या झाल्या. तिने फोनमधून कार्ड काढलं, माझ्या हातावर ठेवलं आणि परत तूर निवडायला बसली. चार दिवस तिने काही ऐकलं नाही. रेडिओही नाही. माझ्याशी बोलायची, पण मीठ दे, दार लाव, एवढंच. आई मला म्हणाली, "काय केलं व तू? वनूबाईनं तीन दिवसांत कोणाले शिवी नाही देल्ली."

पाचव्या दिवशी संध्याकाळी बाबा वावरातून येऊन पाय धुऊन ओट्यावर चहा पीत बसले होते. आत्या म्हणाली, "पुस्तक आण. गाळलेलं वाच."

मी तिच्या कानाशी गेले. "बाबांसमोर नको."

"त्याच्यासमोरच. घरात साक्षीदार नको का?"

बाबांना काही कळलं नव्हतं. त्यांना वाटलं गोष्ट आहे, ऐकावी. मी वाचू लागले. आत आई भाकरी थापत होती, तो आवाज पानाच्या मध्यावर थांबला. शेवेचा पुडा आला, घंटेचा आवाज आला, तो लांब गेला. रंगूने हाक मारली नाही. मी पान संपवलं.

बाबा कपात पाहत होते. मग म्हणाले, "असा कसा माणूस हा? त्याच्या बायकोनं नाही आडवलं त्याले?"

आतून आई म्हणाली, "टाका, सगळं बायकोवरच टाका."

"तसं नाही म्हनत मी." मग त्यांनी विचारलं, "अन् हिनं हाक काहून नाही मारली?"

आत्या म्हणाली, "मारून काय होते? त्याले थांबाचं असतं तं तो गेलाच नसता."

गिरणी बंद झाली होती. बाबांनी कप खाली ठेवला तो आवाज मला मोठा वाटला. "वने," ते म्हणाले, "आई गेली त्या साली मी अमरावतीले गेलतो. दोनदा."

"बियाणं पाहाले."

"बियाणं नव्हतं."

"मले माहीत हाय. बियाण्याच्या पिशवीचा वास घरभर होते. तू दोन्ही खेपा रिकाम्या हातानं आलता."

"तथी आंधळ्या बायकांचं एक वसतिगृह हाय. सगळे म्हनत होते, पाहून ये, तिच्याच भल्याचं हाय. मी पाहून आलो. जेवण बरं होतं."

"मंग?"

"मंग काय. दुसऱ्यांदा गेलो तं फाटकातूनच परत आलो. आत नाही जाववलं." त्यांनी मान वर केली नाही. "तुले माहीत होतं तं बोलली काहून नाही एवढी वरसं?"

"तू काहून नाही बोलला?"

आई दारात येऊन म्हणाली, "मी दोघायलेही सांगतो, भाकरी गार होऊन राह्यल्या." कुणी उठलं नाही. मग आत्याने हात पुढे करून चाचपडत बाबांच्या गुडघ्यावर एक चापट मारली, चांगली जोरात, लहानपणी मारत असेल तशी, आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तुले वाटलं मले कळलं तं मी मरन. मी हे पान पुस्तकाच्या अगोदर वाचलं व बाई."

आज कुणी मला सांगितलं की अमुक प्रकरण अंध मुलांसाठी वगळलं आहे, ते नाजूक आहे, त्यांच्या मनाला लागेल, तर मला तो ओटा दिसतो. ज्याला आपण वाचवायला निघतो त्याच्या घरात ते प्रकरण बहुतेक वेळा आधीच घडून गेलेलं असतं. आपण फक्त त्याला त्याबद्दल बोलायची संधी कापून टाकतो, पाच मिनिटांत, फोनवर.

त्या दिवशी जेवताना आत्याने जाहीर केलं की इथून पुढे तिला माझा आवाज नको. माझ्या फोनमधली बाई लिहिलेलं मराठी वाचून दाखवते हे तिला कळलं होतं, तिला तीच हवी होती. सपाट, कुठेही न थांबणारी, रडण्याच्या जागी आणि हसण्याच्या जागी सारखीच. मी म्हटलं, तो यंत्राचा आवाज आहे, कंटाळशील. ती म्हणाली, "त्या बाईले माह्यावर माया नाही. म्हणून ती खरं तेच वाचन."

पण त्या बाईला पुस्तक द्यायचं कसं? मी पानांचे फोटो काढून पाहिले. छपाई जुनी, शाई पसरलेली. दोन ओळी नीट यायच्या आणि तिसऱ्या ओळीत अक्षरांचा चिवडा व्हायचा. दुसऱ्या एका पुस्तकाची तयार फाइल कुणीतरी पाठवली, तर त्यात नुसती पानांची चित्रं. फोनला एकही अक्षर सापडेना. आत्या म्हणाली, "म्हणजे फोन बी आंधळाच हाय." यात हसण्यासारखं आहे आणि आम्ही हसलो, पण मी तेव्हापासून चिडलेलीच आहे. आज जे पुस्तक छापलं जातं ते आधी कुठेतरी संगणकावर टाइप झालेलं असतं. ती अक्षरं असतात, शिल्लक असतात, आणि मागितली की उत्तर येतं, चोरी होईल. अंध वाचकासाठी वाचता येईल अशी प्रत काढायला कायद्याने कुणाची परवानगी लागत नाही, हे मी पुढे शिकले आणि पत्रकाच्या दुसऱ्या ओळीत घातलं. तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. मला दोन अंगठे होते. नदीपर्यंतचं आत्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं होतं; जत्रेच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या पानापर्यंत मी ती कादंबरी फोनवर टाइप केली.

आत्या शेजारी बसायची. फोनच्या अक्षरांचा टकटक आवाज तिने मुद्दाम चालू ठेवायला लावला होता. तो थांबला की सुपातला हातही थांबायचा.

"काहून थांबली?"

"पान उलटून राह्यली."

"मोठ्यानं उलट."

मी पान तिच्या कानाशी नेऊन उलटायची. एकदा मुद्दाम दोन पानं एकदम उलटली, तर म्हणाली, "जाड वाजलं. मांगं जा." मी मागे गेले. आम्ही दोघी हसलो, आणि त्या हसण्यावरून मला कळलं की मी माफ झालेली नाही, पण कामावर परत घेतली गेली आहे.

उन्हाळा लागला, वावर रिकामं झालं, तेव्हा पुस्तक संपलं. आत्याने शेवटचं प्रकरण त्या मायाहीन बाईकडून ऐकलं. आम्ही सगळे ओट्यावर होतो, बाबासुद्धा घरातलंच काहीतरी काम काढून थांबले होते. सगुणेला भाऊ सापडतो, घरी दिवे लागतात, गोडधोड होतं. फोन गप्प झाला. आत्या वाट पाहत राहिली.

"पुढं?"

"संपलं."

"अन् रंगू?"

मी पानं चाळली. जत्रेनंतर पुस्तकात रंगूचं नाव नव्हतं. कुणी तिला आठवत नाही, सगुणासुद्धा नाही. मी तसं सांगितलं.

"म्हणजे लिहिणारानंही तिले तथीच सोडलं," आत्या म्हणाली. "एवढी वरसं मी ह्याच्यासाठी थांबली का? शेवट काही खास नाही." आणि ती आत जाऊन वांगी चिरायला बसली. बाबा म्हणाले, "पैसे परत मांगा वाचनालयाले." पण मला त्या क्षणी तिचा विलक्षण हेवा वाटला. पुस्तक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून, हात झटकून ते वाईट आहे म्हणण्याचा मान तिला मिळाला होता. आमच्या सगळ्या मागण्या, खरं सांगायचं तर, एवढ्याचसाठी आहेत.

आता आमच्या गटाने टाइप केलेलं प्रत्येक पुस्तक पहिल्यांदा इंझोरीला जातं. आत्याकडे चांगला फोन आहे. ती ऐकते आणि कुठे ओळ सुटली, कुठे कुणी स्वतःची अक्कल घातली, ते अचूक सांगते. टाइप करणारी मुलं तिला घाबरतात. मागच्या हिवाळ्यात मी घरी गेले होते. कापूस अर्ध्या कॅलेंडरपर्यंत आला होता. ते जुनं कार्ड तिने पुढे माझ्याकडून परत मागून घेतलं होतं. ते नव्या फोनमध्ये घालताना मला त्यात जत्रेची ती फाइल दिसली, बुधवारच्या माझ्या दोन मिनिटांसकट. मी म्हटलं, "आत्या, हे खोटं अजून ठेवलं तू? काढून टाकते."

तिने माझ्या हातातून फोन घेतला. "राहू दे ते. त्याच्यात ती घरी येऊन मरते. भावाच्या हातून पाणी पिऊन."

"पण ते पुस्तकात नाही."

"मले माहीत हाय नाही ते. पुस्तक मी पुरं वाचलं." मग तिने बोटाने चाचपून फाइल त्या दोन मिनिटांवर नेऊन लावली. अकरावीतली एक मुलगी रंगूला घरी आणत होती, आणि तिच्यामागे रिकामी खोली घुमत होती.